व्हॉल्व्हमधली पाचर

माझ्या सासूबाईंनी शेवटपर्यंत लोकांना सांगितलं की आमची सून नळाच्या कंपनीत आहे. मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण ते फारसं चुकीचं नव्हतं. नळच, फक्त जरा मोठा, आणि त्यातून पाणी सोडून बाकी सगळं जायचं: वाफ, तेल, आम्ल, रंग. असे नळ कागदावर काढायचे, म्हणजे त्यांचं डिझाइन करायचं, हे काम मी भिवंडीत माझ्या सगळ्या नोकरीभर केलं. कारखाना होता ती जागा आता गोदाम झाली आहे. तिथे घरपोच जाणारी खोकी लावून ठेवतात. मध्ये एकदा रिक्षातून जाताना मी बघितलं, आमच्या ड्रॉइंगच्या खोलीच्या जागी ट्रक मागे घेत होते. असो.

नळ म्हटला तर तो घरात आपण हाताने फिरवतो. कारखान्यात एक माणूस रात्रंदिवस नळ धरून उभा राहू शकत नाही. म्हणून त्या नळाच्या डोक्यावर एक जाड टोपी बसवतात. टोपीत रबराचा पडदा असतो. पडद्याखाली हवा भरली की पडदा फुगून वर जातो, त्याला जोडलेला दांडा वर येतो, आणि खाली नळातलं बूच उघडतं. हवा काढून घेतली की वर बसलेली स्प्रिंग दांड्याला खाली दाबते आणि बूच आपल्या जागी बसतं. किती हवा सोडायची ते एक छोटी पेटी ठरवते. तिचा एक डोळा तापमानावर असतो. माल थंड व्हायला लागला, सोड हवा, उघड वाफ. माल तापला, काढ हवा, बंद कर. झालं. याला कंट्रोल व्हॉल्व्ह म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं तुम्हाला कळेल.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेली नाही. अंजूरहून भिवंडीला यायचं आणि पुढे कॉलेजला ठाण्याला जायचं, हे आमच्या घरात कोणाच्या डोक्यातही आलं नाही. चित्रकला बरी होती, हात स्थिर होता, म्हणून कारखान्यात ट्रेसिंगला लागले. साहेबांनी पेन्सिलने काढलेल्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद ठेवून ते शाईने गिरवायचं. चुकलं तर ब्लेडने हलकेच खरवडायचं. शेजारच्या खोलीत ड्रॉइंगच्या प्रतींची छपाई चालायची, तिच्या अमोनियाने डोळे चुरचुरायचे. गिरवून गिरवून मला त्या रेघांची ओळख पटायला लागली, जशी रोज दारावरून जाणाऱ्या माणसांची पटते. एके दिवशी मी प्रधान साहेबांना विचारलं, साहेब, ही रेघ सगळ्या ड्रॉइंगमध्ये खालपर्यंत जाते, इथे मध्येच का थांबली?

प्रधान साहेब आमचे मुख्य डिझायनर. पदवीवाले, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारे, डब्यात रोज मेथी आणणारे. दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, तू रेघ गिरव. यांनी डबा बाजूला सारला आणि झाकणावर बोटाने काढून दाखवलं. तेव्हापासून जेवण झाल्यावर रोज माझा एक प्रश्न, हा नेमच पडला. लोक म्हणतात सुमनताई स्वतःच्या स्वतः शिकल्या. मी विचारत गेले आणि समोरचा माणूस सांगत गेला, याला स्वतः शिकणं म्हणायचं असेल तर म्हणा. पुस्तकं मागून आणली, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली, आकडेमोड रात्री चुलीपाशी बसून केली. काही वर्षांनी साहेबांनी माझा ट्रेसिंगचा बोर्ड काढून आपल्या शेजारी लावला. घोषणा वगैरे काही नाही. नुसता बोर्ड हलवला.

आमच्या कारखान्याची एक रीत होती. ऑर्डर घेताना गिऱ्हाईकाला एक प्रश्न विचारल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नसे: हवा गेली तर काय? म्हणजे काँप्रेसर बंद पडला, नळी फुटली, काहीही झालं आणि टोपीतली हवा निघून गेली, तर व्हॉल्व्हने उघडून राहायचं की बंद होऊन? थंड पाण्याचा असेल तर उघडा राहिलेला बरा, नाही तर यंत्र तापून जळेल. वाफेचा असेल तर बंद. स्प्रिंग वरून दाबेल की खालून उचलेल, एवढाच फरक. प्रधान साहेब म्हणायचे, "चालता व्हॉल्व्ह काय, कोणीही काढेल. तो मेला की कुठल्या कुशीवर पडतो ते आपण ठरवायचं."

गिऱ्हाईकं एकेक नमुने होती. शेलार गावच्या एका डाइंगवाल्याचा, म्हणजे कापड रंगवणाऱ्याचा, व्हॉल्व्ह सारखा खडखडतो म्हणून मी बघायला गेले, तर तो उलटा बसवलेला. व्हॉल्व्हच्या अंगावर बाण ओतलेला असतो, प्रवाह कुठून कुठे जायचा ते सांगणारा. तो बाण माझ्याकडे बघत होता. फिटरला विचारलं, बाबा, बाण दिसला नाही का? तो म्हणाला, दिसला ना मॅडम, पण सरळ बसवला तर तुमच्या कंपनीची पितळी पाटी भिंतीकडे जाते. शेठ म्हणाले पाहुणे येतात, नवीन माल घेतलाय ते दिसलं पाहिजे. मी पाटी काढून दुसऱ्या बाजूला ठोकून दिली आणि व्हॉल्व्ह फिरवला. शेठ खूष, बाणही खूष.

पण मला सांगायची आहे ती राहनाळच्या सायझिंगची गोष्ट. लोडशेडिंगची ती वर्षं होती, दिवसाकाठी किती वेळा लाइट जाईल याचा नेम नसे.

भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. मागावर, आमच्या भाषेत लूमवर, चढवण्याआधी ताण्याच्या उभ्या सुताला कांजी पाजतात, म्हणजे ते लूमवर तुटत नाही. हे पाजायचं काम सायझिंगमध्ये होतं. मोठ्या पेटीत कांजी उकळत्याच्या जरा खाली धरायची, हजारो धागे एकदम त्यातून काढायचे, वाळवायचे आणि बीमवर गुंडाळायचे. बीम म्हणजे सुताचं भलंमोठं रीळ. कांजी तापवायला बॉयलरची वाफ थेट पेटीत सोडतात. ती वाफ किती सोडायची, ते आमचा व्हॉल्व्ह बघणार होता.

मालक मोहनशेठ. आधी भातशेती, मग जमिनीवर गोदामं, मग सायझिंग. पान खाऊन सावकाश बोलणारा गृहस्थ. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. म्हणाले, बंद. वाफ बंदच झाली पाहिजे. माणसं असतात माझी त्या पेटीवर, कोणी भाजायला नको. मला हे उत्तर आवडलं. मी त्यांना असंही सुचवलं की शेजारून एक साधी हाताच्या नळाची पर्यायी लाइन टाका, म्हणजे व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला तरी काम अडायचं नाही. ते म्हणाले जागाच नाही, पलीकडे भिंत आहे. खरंच नव्हती. व्हॉल्व्ह गेला, बसला, छान चालला.

काही महिन्यांनी फोन आला. मोहनशेठचा आवाज चढलेला. तुमचा व्हॉल्व्ह अडकला, कांजी उतू गेली, माझा माणूस भाजला. या आणि बघा.

प्रधान साहेब आणि मी रिक्षा करून गेलो. मशीन बंद होतं. पेटीभोवती उतू गेलेली कांजी वाळून तिचे पापुद्रे झाले होते. भाजला होता तो रफिक, उत्तर प्रदेशातून आलेला, दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर. शिफ्ट बदलताना कांजी बघायला वाकला आणि ती उसळली. उजवा हात कोपरापर्यंत. त्याला दवाखान्यात ठेवलं होतं.

साहेबांनी हवा लावून व्हॉल्व्ह चालवून बघितला. उघडत होता, बंद होत होता, कुठे अडत नव्हता. मी टॉर्च घेऊन दांड्यापाशी वाकले. सायझिंगमध्ये सगळ्यावर सुताची धूळ बसते, ती कांजीच्या वाफेने चिकटून तिचा राखाडी थर होतो. आमच्या व्हॉल्व्हवरही होता. फक्त दांड्याच्या जोडाखाली एका जागी थर नव्हता, रंगही उडाला होता, आणि लोखंड चकचकत होतं. रोज काहीतरी तिथे खुपसल्याशिवाय लोखंड असं चमकत नाही.

मी विचारलं, इथे काय घालता? एक जण झाडू घेऊन लांब गेला. मग पेटीपाशी उभा असलेला माणूस पुढे आला आणि त्याने खिशातून लाकडाचा एक तासलेला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. तुटक्या धोट्याची पाचर. लूमवर आडवा धागा घेऊन धावणारा धोटा फार चिवट लाकडाचा असतो, वाफेतही फुगत नाही.

तो किसन. आमच्या अंजूरचाच, आमच्या घरापासून चार दारं सोडून. मी त्याला किसनदादा म्हणायचे. आवाज मोठा, स्वतःच्या कांजीचा अभिमान त्याहून मोठा. माझ्या हातची कांजी पिऊन सूत लोखंड होतं, असं तो रिक्षातसुद्धा लोकांना सांगायचा.

"घालतो म्हंजे," तो म्हणाला. "लाइट गेली का तुजा व्हॉल्व्ह बंद व्हतो. कांजी थंड झाली का दही. मंग त्यात अडकलेला ताना काय तुज्या साहेबाच्या डोक्यावं वाळत घालू?"

प्रधान साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला. ते रागावले नव्हते, हिशोब मांडत होते. मीही मांडत होते, आणि तो जुळत होता. लाइट गेली की काँप्रेसर बंद. हवा उतरते. स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते, अगदी आम्ही शिकवल्यासारखा. पण बॉयलर लाकडावर चालतो, त्यात वाफ शिल्लक असते. कांजीला तेवढी ऊब दिली तर ती टिकते. म्हणून हवा उतरण्याच्या आत दांड्याखाली पाचर घालायची. स्प्रिंगने कितीही दाबलं तरी व्हॉल्व्ह थोडा उघडा राहतो. लाइट आली की पाचर काढायची.

त्या दिवशी लाइट आली तेव्हा बरेच धागे तुटले होते. किसन ते जोडायला गेला. पाचर राहिली. पेटीतल्या डोळ्याला कळत होतं की कांजी तापते आहे, तो बंद कर, बंद कर सांगत होता. पण धोट्याच्या लाकडापुढे त्याचं काय चालणार?

मोहनशेठनी तिथल्या तिथे किसनला घरी जायला सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, माझा माणूस भाजला, तुला ठेवू कसा? किसनने पंचा खांद्यावर टाकला आणि गेला.

परत येताना साहेब म्हणाले, आपला व्हॉल्व्ह निर्दोष आहे, तसं लिहून देऊ. ते खरं होतं. आमच्या मालकांनाही तेच हवं होतं. मी हो म्हटलं. पण मला काहीतरी टोचत होतं. हवा गेली तर काय, हा प्रश्न आम्ही बरोबर विचारला होता आणि मोहनशेठनी मनापासून बरोबर उत्तर दिलं होतं. फक्त लाइट गेल्यावर पेटीपाशी उभे राहायचे ते मोहनशेठ नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनची बायको पारू आमच्या ओट्यावर येऊन बसली. हातात सुक्या बोंबलांची पिशवी. तिने ती माझ्यापुढे सारली आणि पदराशी चाळा करत बसली. मी चहा दिला. चहा संपल्यावर तिने विचारलं, तुमच्या कागदात यांचं नाव हाय का? मी म्हटलं, नाव नाही पारू, पण पाचर आहे. ती म्हणाली, मंग हायच की. आणि उठली. बोंबील परत देऊ लागले तर म्हणाली, ते काय कागदासाठी न्हाय आणले, तुमाला आवडतात म्हून आणले.

त्या संध्याकाळी मी रफिकला भेटायला गेले. दवाखान्याच्या बाकावर त्याच्या गावचे दोन-तीन लूमवाले डबा घेऊन बसले होते, त्यांनी जागा करून दिली. हात पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला. मी व्हॉल्व्हच्या कंपनीतली हे कळल्यावर तो जरा सावध झाला. मी विचारलं, दुखतंय का, वगैरे. मग सरळ विचारलं, तुझ्या शिफ्टला लाइट गेली तर तू काय करायचास?

तो पट्टीकडे बघत राहिला. मग हळूच हसला. म्हणाला, किसनची पाचर छोटी, माझी मोठी. मेरी वाली ज़्यादा अच्छी है मॅडम, उसमें भाप ठीक आती है. त्याची पाचर तिथेच भिंतीतल्या खाचेत ठेवलेली असते. सगळ्यांच्या असतात.

मी त्याला म्हटलं नाही की हे शेठना सांग. कसं म्हणणार? दवाखान्याचा खर्च शेठ करत होते. बरा झाल्यावर नोकरी तिथेच. आज किसन दोषी होता आणि रफिक बिचारा होता. बोलला असता तर तोही दोषी. मी उठले, हाताला जपायला सांगितलं, आणि घरी येऊन कागद लावला.

पाचर बंद करायची तर तिची गरज बंद करायला हवी, एवढं मला कळलं होतं. गरज काय? लाइट गेल्यावर मधूनमधून थोडी वाफ. मग ती हाताने देता येऊ दे. मी व्हॉल्व्हच्या बाजूला एक लांब दांडी काढली. ती खाली दाबली की स्प्रिंगच्या विरुद्ध दांडा थोडाच उचलला जाईल, पाचरीने उचलला जायचा तेवढाच. दांडी सोडली की स्प्रिंग लगेच व्हॉल्व्ह बंद करेल. म्हणजे वाफ हवी तर माणूस तिथे हवा. आणि दांडी मी अशा बाजूला घेतली की ती धरणाऱ्याचं तोंड कांजीकडेच राहील.

साहेबांनी कागद बराच वेळ बघितला. म्हणाले, "दोरी बांधतील. सायझिंगमध्ये सुताला काय तोटा?"

"बांधतील, साहेब," मी म्हटलं. "पण पाचर दिसत नाही. दोरी दारातूनही दिसते."

साहेबांनी चष्मा खाली घेतला आणि ड्रॉइंगवर सही केली.

तो कागद घेऊन आम्ही मोहनशेठकडे गेलो. त्यांच्या केबिनमध्ये बोलणं चाललं होतं. ते ऐकत होते, पण मन त्यात नव्हतं. म्हणाले, दांडी बसवा, पण ज्याने पाचर घातली त्याला मी परत घेणार नाही, बाकीच्यांना कळलं पाहिजे. किसन बाहेरच होता, आपला डबा आणि कपडे न्यायला आलेला. तेवढ्यात दार लोटून रफिक आत आला. हात गळ्यात अडकवलेला. त्याला बसायला सांगितलं तर बसला नाही.

"सेठ," तो म्हणाला, "फच्चर तो मैं भी लगाता था. सब लगाते थे. उस दिन किसन की शिफ्ट थी, बस."

मोहनशेठ पान चघळायचे थांबले. मग म्हणाले, मला कोणी सांगितलं का नाही?

दारातून किसनचा आवाज आला. "तुमी कवा इचारलंत? लाइट आल्याव तुमी आत यायचात आनि म्हनायचात, बीम खराब न्हाय ना झाला? न्हाय झाला, शेठ. रोज न्हाय झाला. मंग कसा न्हाय झाला, ते कोन इचारतो?"

मोहनशेठ उठून खिडकीपाशी गेले, पिंक टाकून आले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने मनात काय उलटसुलट केलं मला माहीत नाही. शेवटी साहेबांना म्हणाले, दांडी बसवा. बसल्यावर लाइट गेलेली असताना कांजी टिकली तर किसन येईल. नाही टिकली तर नाही. आणि रफिककडे बघून म्हणाले, तू दवाखान्यात जा, तुझा हात बरा कर.

म्हणजे आता किसनची नोकरी माझ्या दांडीला लटकली होती. आमचं ओतकाम, लेथ, सगळ्यांना मी जरा घाई केली असेन. दांडी तयार झाली, बसवली, आणि चाचणीचा दिवस आला.

आता गंमत ऐका. रोज लाइट जायची म्हणून सगळी भिवंडी शिव्या द्यायची. त्या दिवशी लाइट जाईना. सकाळ गेली, चहा झाला, जेवणं झाली. किसन पेटीपाशी दांडीला हात लावून उभा, साहेब स्टुलावर, मी त्यांच्या शेजारी, मोहनशेठ सारखे आत-बाहेर. कामगार येता-जाता वरच्या पंख्याकडे बघत होते. किसन म्हणाला, माजं नशीब बघ, ताई, आज वीजवाल्यांना पन माज्यावं प्रेम आलं. दुपार कलली तसे मोहनशेठ वैतागले. स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला.

मशीन थांबलं, पंखे थांबले, सगळीकडे एकदम शांत. काँप्रेसरचा काटा उतरत गेला. आमचा व्हॉल्व्ह खट्ट करून बंद झाला, आपल्या शिकवणीप्रमाणे. किसनने दांडी दाबली. कांजीत बारीक बुडबुडे आले. त्याने सोडली, खट्ट. थोड्या वेळाने पुन्हा दाबली. कांजीवर साय धरली नाही. तो तिच्याकडे बघत होता, मध्येच काठीने ढवळून काठी वर धरून तिची धार बघत होता. मोहनशेठ बराच वेळ तिथेच उभे राहिले. मग त्यांनीच जाऊन स्विच वर केला. मशीन चालू झालं. धागे पुढे सरकले, एकही दही झालेल्या कांजीत अडकला नाही.

शेठ म्हणाले, उद्यापासून ये.

"आजपासून का न्हाय?" किसन म्हणाला. "आलोच हाय की." आणि तुटलेला एक धागा जोडायला गेला.

भिंतीच्या खाचेतल्या सगळ्या पाचरी किसनने गोळा करून बॉयलरमध्ये टाकल्या, असं मला नंतर कळलं. तेव्हापासून माझी एक रीत बदलली. हवा गेली तर काय, हे मी मालकाला विचारायचीच, पण मग म्हणायची, जरा मशीनवर जाऊ या का, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला तेच पुन्हा विचारायची. दोन उत्तरं सारखी आली तर पेन्सिल उचलायची. बऱ्याचदा यायची नाहीत. मग तिघांनी बसून बोलायचं. काही मालकांना ते आवडत नसे. एकाने तर माझ्या मालकांना फोन करून सांगितलं, तुमच्या बाई माझ्या कामगारांशी जास्त बोलतात. बोलतात, असं आमच्या मालकांनी उत्तर दिलं म्हणे.

आमची ती दांडी पुढे कॅटलॉगमध्ये आली. तिच्या टोकाला लाकडाचा एक जाडजूड, बसका गोळा आहे, अळंबीसारखा. नंतरच्या वर्षांत नवे इंजिनिअर विचारायचे, मॅडम, हे एवढं जाड का? जगात सगळीकडे इथे बारीक मूठ असते. पहिल्या दांडीला माझीही बारीकच होती, खरबरीत लोखंडाची, छान पकड येणारी. साहेबांनी पास केलेली, किसनने वापरलेली.

मग रफिक कामावर परत आला. हाताची जखम भरली होती, पण कातडी आवळून बोटं अर्धी वाकलेलीच राहिली होती. ती मिटायची नाहीत आणि पूर्ण उघडायचीही नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, व्यायाम कर, थोडा फरक पडेल. थोडाच पडला. मी दुसऱ्या एका कामासाठी गेले होते तेव्हा लाइट गेली, आणि मी बघितलं. तो उजव्या हाताने माझी दांडी धरायला गेला, ती बोटांतून निसटली. मग वळून डाव्या हाताने धरली, तर पाठ कांजीकडे झाली. मान मागे वळवून वळवून तो बघत होता. शेवटी आपली शिफ्ट संपवून निघालेला किसन आला आणि त्याने दांडी त्याच्या हातातून घेतली. रफिक बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. तसा उभा राहिलेला तो मला बघवेना.

आमच्या कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करणारे एक सुतारकाका होते. मी त्यांना म्हटलं, काका, बोटं न मिटता पंजाने दाबता येईल असं काहीतरी करा. आम्ही दोघांनी लाकडाचे ठोकळे बदलून बदलून बघितले, मी आपली बोटं अर्धी वाकवून दाबून बघायची. शेवटी तो अळंबीसारखा गोळा जमला. वरून सपाट, खाली फुगीर, बोटं नुसती भोवती टेकली तरी चालतील असा.

तो बसवला त्या दिवशी रफिकने आधी लांबून बघितला. मग उजवा पंजा वर ठेवला आणि अंग थोडं पुढे करून दाबला. कांजीत बुडबुडे आले. सोडला, खट्ट. पुन्हा दाबला. बोटं अर्धी वाकलेली, लाकडावर नुसती टेकलेली, आणि तोंड कांजीकडे.

"दिखने में भद्दा है, मॅडम," तो म्हणाला.

मी विचारलं, बदलू का?

"नहीं नहीं. मेरा हाथ भी कौन सा खूबसूरत है. रहने दो."

मागून किसन म्हणाला, "तुजा हात तर आधीपन नव्हता."

रफिकने मागे वळून बघितलं नाही. पंजा तसाच दाबून धरून तो कांजीकडे बघत राहिला.